पट्टा दाराच्या मागंच राहिला

चि. पमे, अनेक आशीर्वाद.

काल रात्रीच्या गाडीनं तू गेलीस आणि सकाळी आईला दाराच्या मागं खिळ्याला तुझा कमरेचा पट्टा सापडला. मला वाटलं माझाच, दवाखान्यातनं आलेल्या सामानातला. आई म्हणली नाही, पमीचाय, मे महिन्यापासनं लावती, तुम्हाला सांगू नका म्हणली होती. म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत. बरं. मी चिडलेलो नाही. एवढंच विचारतो की दुखतंय किती, आणि माझ्यामुळं का.

कारण एप्रिलमधला तो दिवस मला आठवतोय. तोंडात नळी, श्वासाचं मशीन चालू, आणि तुम्ही तिघांनी, ती केरळची सिस्टर, फिजिओचा पोरगा आणि तू, मला पलंगाच्या कडेला बसवलं. ८४ किलोचा माणूस. मान तुझ्या खांद्यावर पडली आणि तू कानात म्हणत होतीस, बाबा, पाय फरशीला टेकलेत, कळतंय का. मग कंगवा हातात दिलास. आयुष्यभर मी दोन सेकंदात भांग पाडून ड्यूटीला पळालो आणि त्या दिवशी कंगवा कपाळापर्यंत न्यायला घाम फुटला. तेव्हाच कमरेत भरलं का तुझ्या? खरं सांग.

त्या आधीचं सगळं चिखल झालंय डोक्यात. मी फलटण-पुणे गाडीत होतो, मशीनचा आवाज म्हणजे घंटी, आणि समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तिकीट काढलं नाही म्हणून मी उठायला बघत होतो तर हाताला मोजे घालून बांधलेलं. मी पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक करायचो. सगळ्यांना वाटलं झटके. तू आलीस आणि म्हणालीस, अहो ते डबल बेल देतायत, गाडी सोडा म्हणतायत. हसलीस पण डोळे पुसत होतीस. दुसऱ्या दिवशी माझा चष्मा घातलास, भिंतीवर मोठ्या अक्षरात वार तारीख लावलीस, आणि नोटांच्या मापाचे कागद कापून आणलेस, उभे दुमडून बोटांत धरायला. ते बोटांनी बरोबर धरले, डोक्याला काही कळायच्या आधी. रोज सकाळी झोपेचं औषध कमी करून भान बघायला एकेक इंग्रजी अक्षर म्हणायचे, ‘ए’ ऐकू आलं की हात दाबा. मी सगळ्याच अक्षरांना दाबायचो. नापासच.

आणि एवढं करून, नळी निघाल्यावर मी पहिलं काय बोललो तर, साडेचार वर्षं शिकवलं ते लोकांचे दात घासायला का. तू काही बोलली नाहीस, ब्रश माझ्या हातात दिलास आणि कोपराखाली उशी लावलीस. ते वाक्य मला रात्री झोपू देत नाही. तुझी ॲडमिशन झाली तेव्हा सुधामावशीला मी पोरगी डॉक्टरकीला गेली एवढंच सांगितलं होतं, ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे पेशंटला रोजची कामं परत स्वतः करायला शिकवायचं, हा शब्द तोंडातच आणला नाही. आता पारावर कोणी विचारलं की अर्धा तास सोडत नाही. भारतात हे शिक्षण १९५० साली मुंबईत केईएमला सुरू झालं ते कमलाबाई निंबकरांनी, अमेरिकेत जन्मलेल्या, आपल्या फलटणच्या शेतीवाल्या निंबकरांच्या आई. आपल्याच गावचं नातं आणि मला साठी उलटल्यावर कळलं.

तू त्या डॉक्टरांना संशोधनाचे कागद दाखवत होतीस तेही अर्धवट ऐकलं होतं, परवा परत विचारलं म्हणून नीट कळलं. शिकागो आणि आयोवा, २००९, व्हेंटिलेटरवरचे १०४ पेशंट. ज्यांना सुरुवातीपासनंच उठवलं, बसवलं, स्वतःचं स्वतः करायला लावलं त्यातले ५९ टक्के घरी जाताना स्वतःच्या हातापायावर, बाकीच्यांत ३५. आणि असल्या गंभीर आजारात पडून १० दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू सरासरी १७-१८ टक्के घटतो. माझी मांडी बघितलीय मी, पटलं. पण २०२२ चं पण तूच सांगितलंस ना, ७५० पेशंटमधे जास्त वेळ जास्त जोर लावला तर फायदा दिसला नाही, उलट त्रासाचे प्रसंग वाढले. मग पेशंटचं जपायचं, तसं करणाऱ्याचं पण जपायचं की नाही? तुझ्या वॉर्डात १२ खाटा आणि तू एकटी. एकटीनं कुणाला उचलायचं नाही. दुसरं माणूस येईस्तोवर थांबायचं, मोठे डॉक्टर घाई करू देत. खाट वर घे, गुडघ्यात वाक, आणि तो फोटो काढून घे कमरेचा...

बघ, मी तुलाच शिकवतोय. जे तू मला शिकवलंस तेच. माफ कर. पट्ट्यानं काही होत नाही, ताकद वाढवावी लागते हे पण तूच आईला सांगितलंस म्हणे.

पण आक्काला तू बघितलं नाहीस नीट. उसाच्या मोळ्या वाहून पंचेचाळिशीत अशी वाकली की मरेपर्यंत आभाळ बघितलं नाही तिनं, चंद्र बघायचा तर बाजेवर उताणी झोपायची. मी लहान होतो, मोळी डोक्यावर चढवू लागायचो. खालून मीच उचलून द्यायचो तिला. म्हणून पट्टा दिसला की मला आक्का दिसती, त्याला काय करू.

हे टाइप करायला तीन दिवस लागलेत. अंगठा अजून चुकीच्या अक्षरावर पडतो. शर्टाची बटणं लावतो सगळी, गळ्याचं सोडून. चहाचा कप एका हातानं. आई म्हणती, गळ्याचं लावतच नव्हता कधी.

पट्टा उद्या सकाळच्या मुंबई गाडीला दिलाय, कंडक्टर आपल्या डेपोचाय, माझ्या हाताखाली शिकलेला. परळला साडेबाराच्या सुमाराला उभी राहा. पिशवीत चटणी पण आहे, ती आडवी धरू नको, झाकण सैल आहे. पिशवी जड नाही, मी उचलून बघितली.

तुझा,
बाबा