वस्तूला चिकटवलेली मेथड

फोंडा, गोवा

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू रडकुंडीला आली होतीस आणि इथे पावसामुळे आवाज तुटत होता, म्हणून लिहून कळवते. पायथनच्या प्रॉम्प्टवर फंक्शन लिहिलंस, एका ग्राहकाच्या ऑब्जेक्टला, म्हणजे वस्तूला, मेथड म्हणून चिकटवलंस, झेडओडीबीत, म्हणजे पायथनच्या वस्तू साठवणाऱ्या डेटाबेसात, कमिट करून कायमचं साठवलंस. रात्री चाललं, सकाळी सर्व्हर नव्याने सुरू केला तर मोडलं. कमिट खोटं नव्हतं गं. साठवलं काय गेलं, ते बघायचं राहिलं.

आजोबा जत्रेच्या नाटकाची जमवाजमव करायचे ती वही तुला आठवत असेल. त्यात ‘पेटी’ या शब्दापुढे एवढंच असायचं: म्हार्दोळ, तळीकडचं घर. वहीत वादन नव्हतं, पत्ता होता. एका वर्षी पेटीवाल्यांनी बिऱ्हाड मडगावला हलवलं आणि त्या पत्त्यावर कुलूप मिळालं. झेडओडीबी वस्तू साठवते पायथनच्या पिकलने, म्हणजे वस्तूचे बाइट करून ठेवणाऱ्या सोयीने, आणि फंक्शनच्या बाबतीत पिकल त्या वहीसारखंच वागतं. मॉड्यूलचं, म्हणजे कोडच्या फाइलीचं, नाव आणि फंक्शनचं नाव टिपतं, आतला कोड नाही. तुझ्या फंक्शनचा पत्ता होता ‘मेन’, म्हणजे रात्रीचा तो प्रॉम्प्ट. सकाळच्या प्रोसेसचं ‘मेन’ वेगळं, तिथे तुझं फंक्शन कुठून असणार? लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं छोटं फंक्शन, त्याला तर धड नावच नसतं, त्यामुळे तिथे कमिटच अडतं.

मीही यात पोळले आहे. पणजीच्या एका ऑफिसात बिलांचं काम करताना फंक्शनं वस्तूंवरच टांगून ठेवली होती. पुढे फाइल नीटनेटकी करायच्या नादात मॉड्यूलचं नाव बदललं आणि जुन्या वस्तूंकडून बिलाचा आकडा येईना. शेवटी जुन्या नावाची एक फाइल परत ठेवली, तिच्यात नव्या जागेहून आयात करणारी एकच ओळ. तेव्हा आकडे आले. तुझ्याकडे असा प्रसंग आला तर हाच उपाय आधी कर, डेटाला हात लावू नकोस.

‘एक आर्ग्युमेंट कमी पडतंय’ हा तुझा दुसरा एरर. फंक्शन क्लासमध्ये, म्हणजे वस्तूच्या साच्यात, असेल तर वस्तूमार्फत मागताना पायथन ते वस्तूला जोडून देतं, म्हणून सेल्फ, म्हणजे ती वस्तू, पहिलं आर्ग्युमेंट म्हणून आपोआप मिळतो. वस्तूच्या स्वतःच्या डिक्शनरीत ठेवलेलं फंक्शन मात्र जसंच्या तसं हातात येतं. टाइप्स मॉड्यूलमधल्या मेथडटाइपने ते मुद्दाम जोडता येतं, पण पिकल होताना त्याचंही ‘ही वस्तू, हे नाव’ एवढंच उरतं. आणि लांबी सांगणाऱ्या लेनसारख्या खास मेथड तर पायथन क्लासवरच शोधतं, वस्तूवर चिकटवून काही उपयोग नाही.

स्मॉलटॉक या भाषेतल्या जेमस्टोन नावाच्या डेटाबेसचं वेगळं, तिथे क्लास आणि मेथडही डेटाबेसातच राहतात. तिथली सवय इकडे आणायची नाही. कोणती मेथड चालवायची ते ऐन वेळी ठरावं, ही तुझी ओढ मात्र चुकीची नाही. १९८९ साली संशोधकांनी ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये काय असायलाच हवं ते मांडलं, त्यात लेट बाइंडिंग, म्हणजे हेच ऐन वेळी ठरवणं, होतंच. ऐन वेळी ठरव, पण वस्तूत साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, ठेव, समज ‘पावसाळी’ हे दराचं नाव. त्या नावाला कोणतं फंक्शन, याचा तक्ता कोडमध्ये असू दे. वस्तू जुनी असली तरी उद्याचा सुधारलेला हिशेब तिला आपोआप मिळेल, आणि डेटाबेस उघडून बघणाऱ्याला त्या ग्राहकाला कोणता दर लागतो ते वाचता येईल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तुझ्यामागून येणाऱ्याला तुझ्या डोक्यात शिरता येणार नाही.

आज आधी ते फंक्शन एका नावाच्या फाइलीत हलव, मग त्या ग्राहकाच्या वस्तूवरून जुनं अॅट्रिब्यूट काढून स्ट्रिंग ठेव, कमिट कर आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करून बघ. चाललं की फोन कर. चवथीला येताना लॅपटॉप आण, बाकीच्या वस्तू दोघी बसून बघू.

तुझी,
आई