फ्रान्सला जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

ब्रिटनमधून फ्रान्सला जाणाऱ्या सभासदांनी नोंद घ्यावी की, भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी असली, तरी सर्वसाधारणपणे शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह बहुतांश युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा) घ्यावाच लागतो. त्याचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येत असल्याने तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये. ब्रिटिश पासपोर्टधारकांना व्हिसा लागत नाही, मात्र कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन देशांमध्ये मिळून ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा. मुलांचे पासपोर्ट आधी तपासावेत, कारण त्यांची मुदत सहसा पाचच वर्षांची असते.

रेल्वेने किंवा डोव्हरहून बोटीने जाणाऱ्यांची फ्रान्सची सीमातपासणी निघण्यापूर्वीच, लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर आणि डोव्हर बंदरात होते. ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या युरोपच्या नव्या प्रवेश-नोंदणीत (ईईएस) बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जात असल्याने (बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत) वेळेआधी पोहोचावे. सामानात मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. साजूक तूप आणि पेढेही त्यातच आले, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ज्यांनी नुकताच नवा पासपोर्ट घेतला आहे, त्यांनी तो आपल्या ब्रिटनच्या ऑनलाइन ई-व्हिसा खात्याला (ज्यात ब्रिटनमधील वास्तव्याच्या परवानगीची नोंद असते) निघण्यापूर्वीच जोडावा, अन्यथा परतताना अडचण येऊ शकते.