बाबा, एफडी दादाच्या नावावर करायची घाई नको

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की एफडी आणि वरची भाड्याची खोली दादाच्या नावावर करून टाकतो, आमच्या मागे त्याला कुणापुढे हात पसरायला नको, आणि मला पुढे बोलताच आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही पोस्टातून रिटायर झालात म्हणजे केंद्र सरकारचे पेन्शनर. तुमच्यानंतर आईला फॅमिली पेन्शन आणि आईनंतर दादाला. त्याच्यासारख्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला पंचविशीपर्यंतच पेन्शन ही अट नाही, जन्मभर मिळते. पण त्याचं स्वतःचं बाकीचं उत्पन्न त्या पेन्शनपेक्षा, म्हणजे तुमच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरचा डीए, यापेक्षा कमीच असायला हवं (२०२१ च्या आधी तर ९ हजार आणि त्यावरचा डीए एवढीच मर्यादा होती). आता एफडीचं व्याज आणि खोलीचं भाडं त्याच्या नावावर यायला लागलं तर ते सगळं त्याचं उत्पन्न धरणार, आणि तुम्ही ज्याच्यासाठी एवढा जीव टाकताय त्याचीच पेन्शन अडकू शकते. त्याच्यासाठी ट्रस्ट वगैरे कसा करायचा ते आधी वकिलाला विचारू, तोवर सही करू नका.

त्याआधी दोन कामं तुमच्या हयातीतच व्हायला हवीत. दादाचं नाव पीपीओवर, म्हणजे बाबांच्या पेन्शनच्या आदेशावर, चढवायचं, आणि त्याची पेन्शन कोण सांभाळणार त्या गार्डियनचं नॉमिनेशन द्यायचं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांनी ते दिलं नव्हतं. ते गेल्यावर भावाची पेन्शन सुरू करायला तिला आधी जिल्ह्याच्या समितीकडून गार्डियनशिपचा दाखला आणावा लागला, त्यात दीड वर्ष गेलं आणि तेवढे दिवस भावाची औषधं उधारीवर. मुलगा अठराचा झाला की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे मलाही तेव्हाच कळलं.

गार्डियन म्हणून माझं नाव लिहा. यांच्याशी बोललेय, त्यांची मनापासून तयारी आहे. आई, तू म्हणतेस तुझा संसार आहे, तुझ्यावर ओझं कशाला, पण दादा माझ्या संसारातलाच आहे गं. दर नोव्हेंबरला बाबांबरोबर हयातीच्या दाखल्याला जाताना फाईल तोच छातीशी धरून बसतो ना, पुढे माझ्याबरोबर येईल.

मी शनिवारी येतेय. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, दादाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि पीपीओ तेवढं काढून ठेवा. आणि फोटो काढायला नेताना त्याला निळा शर्ट घाल आई, पांढऱ्यात तो बसत नाही.

तुमची,
चिमी