कार्ड पर्समध्येच ठेव

लातूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "आई, आधी घराचं ॲग्रीमेंट होऊ दे, मग बघते छकुलीच्या लशीचं." तेव्हा गप्प बसले, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घरासाठी थांबू नकोस. इंग्लंडात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, व्हिसाचा कागद लागत नाही, लशीला पैसेही पडत नाहीत. काउंटरवर कुणी अडवलं तर हेच शांतपणे सांग. तू भिडस्त आहेस, कुणी नाही म्हटलं की परत फिरतेस. या कामात फिरू नकोस माय.

सहा आठवड्यांचे डोस इथे झालेत. पुढचे आपल्या हिशेबाने १० आणि १४ आठवड्यांना, तिथे ८, १२ आणि १६. तिथली नर्स मेळ घालून देईल, झालेले डोस पुन्हा पहिल्यापासून देत नाहीत. पण लसीकरणाचं कार्ड दाखवलं तरच. नोंद नसली तर लस झालीच नाही असं धरतात.

१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडे ड्युटी लागली तेव्हा आम्हीही तसंच धरलं होतं. कार्डं ढिगाऱ्यात गेलेली. घरातली माणसं गेलेल्या बाईला कोणती सुई झाली होती हे किती खोदून विचारणार? मग नव्याने सुरुवात करायची, आणि आधीच भेदरलेलं लेकरू पुन्हा सुईला सामोरं जायचं. ती लेकरं अजून डोळ्यांपुढे येतात. म्हणून म्हणते, कार्ड पर्समध्येच ठेव, फोटोही काढून ठेव.

कार्ड मराठीत आहे, प्रत्येक नोंदीशेजारी इंग्रजीत नाव लिही. आपल्या पेंटात, म्हणजे पाच रोगांच्या एका सुईत, पोलिओ नसतो, म्हणून थेंब वेगळे देतो. तिथे २००४ पासून पोलिओचे थेंब बंद आहेत, सहा रोगांच्या एकाच सुईत पोलिओही येतो. थेंब दिले नाहीत म्हणून घाबरू नकोस.

रोटाचे, म्हणजे जुलाबावरच्या लशीचे, थेंब मात्र तिथेही तोंडानेच देतात, आणि २४ आठवड्यांनंतर देत नाहीत. घाई करायची ती त्याचीच.

मेन-बी ही मेंदूज्वराची लस आपल्या सरकारी यादीत नाही, तिथे आहे. तिने ताप येतो, म्हणून पॅरासिटामॉल द्यायला सांगतात. किती आणि कधी, ते नर्सकडून लिहून घे.

डाव्या दंडावरची बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लशीची, पुळी फुटली तर हळद, तेल काही लावू नकोस, आपोआप सुकते.

गोवराची लस आपल्याकडे नऊ महिने भरल्यावर देतात, तिथे वर्ष झाल्यावर. वर्षाच्या आत दिलेली ते मोजत नाहीत. जावळासाठी तुळजापूरला तिला त्याआधी आणणार असाल, तर तिकिटं काढायच्या आधी नर्सला विचारा.

नाव नोंदवलं की लगेच फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी उचलते. जावईबापूंना आशीर्वाद, छकुलीला पापा.

तुझी,
आई