उतारावर गाडी न्यूट्रल केल्याने इंधन वाचत नाही

मा. संपादक,

मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. पुढे केंद्राने आणि राज्याने कर थोडेफार उतरवले, तरी लिटरमागे तीन आकडी दर आता आपल्या अंगवळणी पडला आहे. दर आपल्या हातात नाही, पण गाडीचा ॲक्सिलरेटर आपल्याच पायाखाली आहे. त्याविषयी, आणि त्याहून अधिक एका जीवघेण्या सवयीविषयी, लिहायचे आहे.

मी एसटीचा निवृत्त चालक. महाबळेश्वर, पुणे, कुंभार्ली घाटातून चिपळूण, या मार्गांवर नोकरी झाली. आगारात दहा लिटर डिझेलवर कोणी किती किलोमीटर काढले याचा हिशेब प्रत्येक चालकाच्या नावापुढे मांडला जातो. त्यामुळे डिझेल कुठे जळते आणि कुठे वाचते हे आम्हाला रोजच्या रोज कळत असे.

आता शेजारपाजारची मुले गाडीच्या ॲव्हरेजबद्दल विचारायला येतात. बहुतेकांचा समज एकच असतो: उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, जमल्यास चावीच फिरवायची. यवतेश्वरचा घाट उतरताना दुचाकीवाली पोरे इंजिन बंद करून सुसाट खाली येतात. हे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या कार्बोरेटरच्या जमान्यात या युक्तीने थोडेफार पेट्रोल वाचत असेल. आजच्या गाडीत तसे होत नाही. गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला की इंजेक्टर इंधन सोडणेच थांबवतो. उतारावर चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत इंधन पाजावे लागते. म्हणजे न्यूट्रल करणारा इंधन वाचवत नाही, उलट जाळतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाचे नवे मानक) दुचाकींतही कार्बोरेटर जवळजवळ उरलेला नाही, तेव्हा हा हिशेब त्यांनाही लागू आहे.

इंजिन बंद केले तर संकट आणखी मोठे. मोटारीत ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत एक-दोनदा दाबल्यावर संपते, मग पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंग जड होते. ट्रकच्या ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, तोही थांबतो. शिवाय गियरचा आधार नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि नेमके हवे तेव्हा ब्रेक लागत नाहीत. ज्या गियरमध्ये घाट चढायचा, त्याच गियरमध्ये उतरायचा, हा आम्हा चालकांचा नियम होता. नवीन गाड्यांतही मी तोच पाळतो.

पुण्याला जाताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडले की दरी पुलापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने डझनावारी वाहने ठोकरली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. काही रुपयांच्या डिझेलसाठी पुढच्या गाड्यांत बसलेल्या माणसांचा जीव पणाला लागतो.

खरी बचत दुसरीकडे आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. सातारा ते पुणे या अंतरात त्याबदल्यात फार तर पाव तास मिळतो, आणि तोही आनेवाडी किंवा खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर जातो. त्याच नाक्यांवर मला रोज दिसायचे की माणसे शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये दोन गाड्या मागे टाकतात आणि मग करकचून ब्रेक मारतात. तो वेग पेट्रोल जाळून मिळवलेला असतो, ब्रेक मारला की त्याची नुसती उष्णता होते. नाका, सिग्नल, गतिरोधक लांबून दिसला की पाय उचला आणि गाडी गियरमध्येच येऊ द्या. पेट्रोलियम खात्याची पीसीआरए ही संस्था तर ताशी 45 ते 55 हा वेग सर्वांत किफायतशीर म्हणून कधीपासून सांगत आली आहे. महामार्गावर ते जमणार नाही, गावातल्या आणि तालुक्याच्या रस्त्यावर सहज जमते. टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी, टपावरचे रिकामे कॅरियर काढून ठेवावे.

एकट्या ट्रकचालकांना मी दोष देणार नाही. पुष्कळ मालक खेपेला डिझेल ठरवून देतात. जास्त लागले तर पैसे चालकाच्या अंगावर पडतात. अशा माणसाला नुसता दंड करून भागणार नाही. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही हे त्याला पटले पाहिजे, आणि ते आधी मालकाने सांगायला हवे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकवतात, तिथे घाट कसा उतरायचा हेही शिकवावे.

या महामार्गावर कर्नाटकातली वाहने मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे बोगद्याच्या अलीकडे वेळू, शिंदेवाडी भागातल्या पेट्रोल पंपांवर ठळक फलक लावावेत: ‘गियरमध्ये उतरा, डिझेल तिथेच वाचते.’ मराठीबरोबर हिंदी आणि कन्नडमध्येही लावावेत. तेल कंपन्या आणि महामार्ग प्राधिकरणाने एवढे करावे, ही विनंती.

– एक निवृत्त एसटी चालक, सातारा