जांभळी नाक्यावरच्या काकांना, लाल रंगाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

कमी पैशांत केलेल्या स्लॅशर, म्हणजे सुरी घेऊन एकेकाला मारत सुटणाऱ्या खुन्याच्या सिनेमाचं पितळ सुरीने नाही, रक्ताने उघडं पडतं. आमच्या सिनेमातलं रक्त तुमच्या बेकरी-सामानाच्या दुकानातून आलं, म्हणून हे जाहीर आभार.

यादी वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "तोंडात जाणार की कपड्यावर?" निम्मं काम तिथेच झालं.

खोट्या रक्ताच्या परदेशी कृतींत कॉर्न सिरप, म्हणजे मक्याचा पाक असतो. आपल्याकडचं लिक्विड ग्लुकोज त्याहून कितीतरी घट्ट, चमच्याला चिकटलं की सुटत नाही. तुमचं प्रमाण इथे लिहून ठेवतो, ठाण्यातल्या आणखी कुणाला लागेल: १ किलो ग्लुकोज, २०० मिली कोमट पाणी, दोन लहान चमचे लाल जेल रंग, एक लहान चमचा कोको आणि निळ्याचा एकच थेंब. निळा दोन थेंब झाला की जांभळं सरबत. कोको आधी थोड्या कोमट पाण्यात कालवायचा. कोरडा टाकला तर गुठळ्या होतात आणि त्याच पुढे नळीत अडकतात. कोको वगळला तर रक्त आरपार दिसतं. (१९६० च्या 'सायको'त तर नुसतं चॉकलेट सिरप होतं. कृष्णधवल असल्यामुळे खपलं, आम्हाला ती सोय नव्हती.)

तोंडातल्या रक्तात याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. कपड्यावरच्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, म्हणजे ते मण्यांसारखं न थांबता कापडात पसरतं आणि धुताना सुटतं. अशी बाटली चुकूनही ओठांजवळ जाऊ नये, म्हणून झाकणं वेगळ्या रंगांची ठेवायला तुम्हीच सांगितलंत. जखम ओली दिसत राहावी म्हणून ग्लिसरीन सुचवलंत, पण पावसाळ्यात कमी घाला असंही बजावलंत. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि ठाण्याच्या जुलैत तसं रक्त सुकायचं नावच घेत नाही.

उडणाऱ्या रक्ताला बागेतला हातपंप आणि ६ मिमीची नळी पुरते. त्यासाठी मिश्रण आणखी पातळ करून मलमलीतून गाळायचं आणि शॉट संपला की लगेच पंपातून गरम पाणी काढायचं. नाहीतर साखर नोझलमध्ये दगडासारखी बसते. पातळ केलेलं उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून लागेल तेवढंच बनवायचं.

रंगाची परीक्षा वाटीत होत नाही. त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यात बघावा लागतो: निळ्या रात्रीच्या प्रकाशात हेच लाल काळं पडतं, तिथे कोको निम्मा करायचा.

राहिलं ते आवरणं. वागळे इस्टेटमधल्या शेडचा कोबा रंग पितो, म्हणून खाली आधी ताडपत्री हवी. मुंग्यांवर मात्र तुमच्याकडेही तोड नव्हती. पांढरा शर्ट थंड पाण्यात कितीही भिजवा, गुलाबी राहतोच. तेव्हा सुरीच्या एका वारासाठी चार सारखे शर्ट, आणि रक्त नसलेले सगळे शॉट आधी.

तुमचे दोन रिकामे डबे धुऊन ठेवलेत, आणून देतो. आतली गुलाबी झाक काही गेली नाही, तेवढं चालवून घ्या.

आपली,
रंगभूषा आणि कला विभागाची मंडळी