मागचं विमान उतरलं, मग आमचं का नाही?

मा. संपादक,

महोदय,

वळवाच्या पावसामुळे पुण्यात न उतरता हैदराबादला गेलेल्या विमानाची बातमी आपल्या अंकात वाचली. त्या विमानात मी होतो. दिल्लीहून संध्याकाळी निघालो, पुण्यावर घिरट्या घातल्या, हैदराबादला उतरलो आणि रात्री सव्वा वाजता पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचलो. हाल झाले, हे खरंच आहे. पण त्या बातमीत एका प्रवाशाचा सवाल चौकट करून छापला आहे: ‘आमच्या मागचं विमान पुण्यात उतरलं, मग आमच्याच पायलटला काय झालं होतं?’ विमानातही हाच सवाल दहा-बारा जणांनी एअर होस्टेसच्या अंगावर ओरडून विचारला. त्याचं उत्तर बातमीत कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीत ३२ वर्षं नोकरी केली, शेवटची १४ वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. भोर भागात असताना एका पावसाळ्यात आमच्या एका ड्रायव्हरने फरशी पुलावरून पाणी वाहतंय म्हणून भरलेली गाडी माघारी आणली. प्रवासी तडक माझ्या टेबलापाशी. ‘पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत जीप पलीकडे गेली!’ जीप गेली होती, हे ड्रायव्हरही नाकारत नव्हता. मी त्याच्याकडे खुलासा मागितला नाही, मेमो दिला नाही. तो उद्या पुन्हा त्याच पुलाशी उभा राहणार होता, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात पाण्याचा विचार असायला हवा होता, माझ्या मेमोचा नाही.

विमानातलं मला थोडंफार कळतं ते भाच्यामुळे. तो को-पायलट आहे आणि घरी आला की मी त्याला प्रश्नांतून सोडत नाही. त्या रात्रीनंतर आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊनच बसलो. दिल्ली-पुणे प्रवासाला आमच्यासारख्या विमानाला साधारण पाच टन इंधन लागतं. वाटेतल्या अडीअडचणीसाठी त्यावर साधारणपणे ५ टक्के, म्हणजे अडीचशे किलो. आकाशात घिरट्या घालताना ते सहा-सात मिनिटांत संपतं. पुण्यात उतरता आलं नाही तर दुसऱ्या ठरवलेल्या विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन वेगळं. आणि सगळ्यांच्या तळाशी ३० मिनिटांचा राखीव साठा, अकराशे-बाराशे किलो. त्याला हात न लावता विमान जमिनीवर आलं पाहिजे. हवा बिघडणार असं दिसलं तर कॅप्टन वर आणखी इंधन मागून घेतो, पण ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं, म्हणून टाकी काठोकाठ भरून कोणी निघत नाही.

आमच्या कॅप्टनने हे लपवलं नव्हतं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की लोहगाववर वादळी ढग आहे, आपल्याकडे २० मिनिटं थांबण्याइतकं इंधन आहे, तेवढ्यात हवा निवळली नाही तर हैदराबाद. मी खिडकीशी होतो. डाव्या पंखाच्या टोकाचा दिवा ढगात दिसेनासा व्हायचा, वीज चमकली की अख्खा पंख पांढरा होऊन समोर यायचा. २० मिनिटं झाली आणि विमान वळलं. भाचा म्हणाला, ‘मामा, तो आकडा वर जायच्या आधीच ठरलेला असतो. आकड्याला आलो की निघायचं. अजून पाच मिनिटं बघू, असं म्हणायला लागलास की ती पाच मिनिटं तू राखीव साठ्यातून काढतोयस.’

आता मागच्या विमानाचं. ते आमच्यानंतर आलं, एवढंच पुरेसं आहे. वळवाचा ढग कसा असतो ते पुणेकराला सांगायला नको. सिंहगड रोडवर थेंब नसतो आणि विमाननगरात गुडघाभर पाणी असतं. अर्ध्या तासात तिथेही चांदणं. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, म्हणजे हवामान खातं, दुपारी ‘गडगडाटासह पाऊस’ एवढं सांगू शकतं. तो ढग लोहगावच्या धावपट्टीवरून किती वाजून किती मिनिटांनी सरकेल, ते कोणालाच सांगता येत नाही. आम्ही वळलो तेव्हा तो तिथे होता, मागचं विमान आलं तेव्हा नव्हता. त्यांच्याकडे इंधनही जास्त असेल. त्यांचं ठरलेलं दुसरं विमानतळ जवळचं असेल, तर त्यांना पुण्यावर जास्त वेळ थांबता आलं असतं. हैदराबाद इथून हवाई मार्गाने सुमारे ५०० किलोमीटर आहे. दुसरं विमानतळ जितकं लांब, तितकं पुण्यावरून लवकर निघावं लागतं.

‘मग मुंबईला का नाही नेलं, टॅक्सीने आलो असतो,’ असंही बरेच जण म्हणत होते. मुंबई जवळ आहे, कबूल. पण पुण्यात उतरू न शकलेली विमानं एकाच वेळी तिकडे वळतात, मुंबईची स्वतःची गर्दी वेगळी, आणि तोच ढगांचा पट्टा तिकडेही असू शकतो. तिथेही थांबा म्हणाले, तर मग कुठे जायचं?

ढगाखाली उतरण्यात नेमका धोका काय, हेही लिहायला हवं होतं. अशा ढगातून गार हवा धबधब्यासारखी खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, काही सेकंदांत तोच मागून येतो आणि विमानाचा वेग कोसळतो. तेव्हा ते जमिनीपासून दोनशे-तीनशे फुटांवर असतं. त्यात आपली धावपट्टी अडीच किलोमीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीनच्या आसपास आणि हैदराबादची सव्वाचारच्या घरात आहे. ओल्या धावपट्टीवर हा फरक फार मोठा असतो.

७ ऑगस्ट २०२०ला कोळिकोडला काय झालं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. भर पावसात पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्यांदा उतरताना, मागून वारा असताना, चाकं धावपट्टीवर खूप पुढे टेकली. विमान टेकडीवरून खाली गेलं, २१ माणसं गेली. चौकशी अहवालात नोंद आहे की विमानात दुसरीकडे जाण्यापुरतं इंधन होतं आणि जवळ पर्यायी विमानतळंही होती. ते वाचल्यापासून मला हैदराबादच्या वळशात गेलेले ते पाच तास लांब वाटत नाहीत.

याच्या उलट टोकाची गोष्ट न्यूयॉर्कची, २५ जानेवारी १९९०ची. कोलंबियाहून आलेल्या विमानाला खराब हवेमुळे तासाहून जास्त वेळ आकाशात थांबवून ठेवलं. पायलट ‘इंधन संपत आलंय’ असं सांगत राहिले, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि खाली जमिनीवरून विमानं हाताळणाऱ्या नियंत्रकांना प्रसंगाची निकड कळली नाही. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळताना इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ जण गेले. आज यासाठी ठरलेले शब्द आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे राखीव साठ्याला हात लागणार, आम्हाला आधी उतरवा. आमच्या कॅप्टनवर यातलं काहीही म्हणायची वेळ आली नाही, कारण ते वेळेवर वळले.

आपल्या वार्ताहरांना माझी कळकळीची विनंती आहे. अशी बातमी करताना त्या वेळी लोहगावला हवा कशी होती, वारा किती होता, ते विचारून दोन ओळी छापा. ‘पायलटला काय झालं होतं’ हे वाक्य चौकटीत छापलं की पुढच्या वळवात कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या मनावर त्याचं ओझं येतं. माझा भाचा नाही म्हणतो, पण मी ३२ वर्षं ड्रायव्हर पाहिले आहेत.

आणि हाल जमिनीवर झाले, त्याचं मात्र जरूर लिहा. हैदराबादला आम्ही अडीच तास विमानातच बसून होतो. इंधन भरून झालं, पण पुढे कधी निघणार हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. पाण्याचे कप तिसाव्या रांगेपर्यंत पोचायच्या आत संपले. माझ्या शेजारच्या मुलीच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ होतं. दुधाच्या बाटलीसाठी गरम पाणी मिळायला तिला सव्वा तास लागला.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
धनकवडी, पुणे